उंबराचे पाणी

इसवी सन १९५४, मे महिन्यातील दुसऱ्या शनिवारी, सूर्य मावळण्यास अवकाश असताना, अंधेरीच्या पूर्वेकडील एका ख्रिस्ती गावठाणाच्या विहिरीपाशी वाजंत्री एकाएकी थांबली.

रेजिन मिस्किटा मुलाच्या लग्नासाठी उंबराचे पाणी न्यायला आली होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जायचे, तिला लग्नाचे आवतण द्यायचे आणि तिच्याच पाण्याने नवऱ्या मुलाला न्हाऊ घालायचे, ही तिथली रीत; त्या पाण्यालाच उंबराचे पाणी म्हणत. घागर सोडण्यासाठी ती वाकली आणि तशीच थबकली. विहिरीतले गप्पी मासे मरून, पोटे वर करून, या कडेपासून त्या कडेपर्यंत तरंगत होते.

मलेरिया निरीक्षक विद्याधर रेगे शेजारच्या आळीत घरांवर डीडीटी फवारून घेत होते. गलबला ऐकून ते आले, आत डोकावले आणि कारण त्यांना तत्क्षणी कळले. सकाळी पंप आणि बादल्या याच कट्ट्यावर धुण्याचा हुकूम त्यांनीच दिला होता. ते धुवण कट्ट्याच्या भेगांतून आत उतरले होते.

"पाणी निर्धोक आहे," ते म्हणाले. "इतक्याशा अंशाने माणसाला काही होत नाही. हवे तर मी पिऊन दाखवतो."

"हे तुमचेच पोलीस ना, सायेब?" क्लॅरिनेट काखेत धरून बस्त्याव म्हणाला. "मच्छरांची पोरं खायला तुमीच सोडलेले. पोलीस मेले, नि चोर काल रातभर माझ्या कानात गात होता!"

वऱ्हाडी हसले. रेजिन हसली नाही.

देवळातून फादर कोरिया लगबगीने आले. त्यांनी मासे पाहिले, रेजिनचा चेहरा पाहिला आणि सौम्यपणे म्हणाले, "रेजिन, ही रीत आहे, संस्कार नव्हे. मी पाण्याला आशीर्वाद देतो, म्हणजे शंका उरणार नाही. देवाने माणसाला माशांवर सत्ता दिलेलीच आहे."

धर्माकडून पाठिंबा मिळण्याची विद्याधररावांना सवय नव्हती. तरी मिळाला तो त्यांनी नाकारला नाही. "पाहा, फादरही तेच सांगताहेत."

"पानी चांगला हाय असा फादर बोलतात, तुमी पन बोलता," रेजिन म्हणाली. "मी कुठं वायट बोलली? आमी हिला आवतण द्यायला आलो. हिच्या घरात मयत पडलेत. मयताच्या घरी कोन लग्नाचा आवतण देतो?" मग ती विद्याधररावांकडे वळली. "मासे सोडले तवा मला काय सांगितलंत? कट्ट्यावर साबन लावू नका, मासे मरतील. मी सख्ख्या जावेशी भांडली, सायेब. एका बाईला हितं कपडा धुवू दिला नाय."

विद्याधरराव वादात माघार घेणारे नव्हते. हिवतापाने दगावणारी मुले, फवारणीने उतरलेला ताप, जनहितापुढे मूठभर माशांचे मोल, हे सारे मुद्दे क्रमवार त्यांच्या ओठांशी आले. प्रत्येक मुद्दा खरा होता. त्यांतला एकही त्या साबणाचे उत्तर नव्हता.

"मग मी काय करावे म्हणता?"

"काढा. सगळे. मग आमी पानी भरू. तवर माझा पोर तसाच पाटावर बसंल."

विद्याधररावांनी बूट काढले, पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते विहिरीच्या आतल्या पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहिले. कुणीतरी जाळी आणून दिली. पण मासे तिच्या भोकांपेक्षा लहान निघाले. तेव्हा ते ओंजळीने काढू लागले. फादर काही वेळ कट्ट्यावर उभे होते. मग झग्याचा घोळ एका हाताने सावरीत तेही उतरले आणि त्यांनी बादली पुढे धरली. वर बँडवाले वाद्ये मांडीवर घेऊन बसले. बायकांनी रिकाम्या घागरी जमिनीवर ठेवल्या.

बादली अर्धी झाली तेव्हा पाणी बरेचसे मोकळे दिसू लागले होते. फादरांनी पाठ सरळ केली. "आता पुरे ना, रेजिन? नवरा मुलगा खोळंबलाय."

रेजिन कट्ट्यावरून वाकली. तिने सावकाश चारी कडांवरून नजर फिरवली.

"नाय, फादर," ती म्हणाली. "अजून हायत."