हलक्या हँडलचं मशीन

"हे नको," गेणू म्हणाला. "हँडल लय जड हाय."

चावी कापायचं हे तिसरं मशीन त्यानं नापास केलं. मेनरोडमागच्या गल्लीतल्या सुवर्णाताईंच्या दुकानात तासभर हेच चाललं होतं. ताईंचा धीर मोठा. साळूबाई नवऱ्याच्या मागं भिंतीला टेकून उभी होती आणि मनातल्या मनात हात जोडत होती. घ्या की हो एकदाचं!

गेणू पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी चाळीस वर्षं चाव्या करत होता, तेही हातानं. गिऱ्हाइकाची चावी शेजारी ठेवायची, कोरी चावी पकडीत धरायची आणि कानशीनं घासून तशाच खाचा पाडायच्या. "आपली चावी परत येत नाय," हे तो येता-जाता ऐकवायचा.

येत होती हो! वर्षभर धडाधड परत येत होती. मोठ्या तापातून उठल्यापासून त्याची बोटं थरथरायची आणि खाचा चुकायच्या. फक्त त्या चाव्या गेणूपर्यंत पोचत नव्हत्या. टपरीच्या अलीकडंच साळूबाई फुलवाती विकायला बसायची. तणतणत येणारं गिऱ्हाईक दिसलं, की ती त्याला वाटेतच गाठायची.

"दादा, पाया पडते, त्यास्नी काय बोलू नका. अर्ध्या तासात नीट करून देते."

मग नवऱ्याला "जरा कपालेश्वराला जाऊन येते" असं सांगायचं आणि पूल ओलांडून रविवार कारंजावरच्या मशीनवाल्याकडून चावी कापून आणायची. दिवसातून तीन-तीनदा देवाला जाणारी बाई पंचवटीतसुद्धा विरळाच. गेणू हसायचा, "एव्हाना देव कंटाळला आसंल तुला."

खरं सांगायची तिची छाती नव्हती. हात गेला की कारागीर गेला, असं म्हणणारा माणूस तो. शेजारचा बहिरू शिंपी नजर गेली म्हणून घरी बसला आणि महिन्याभरात त्यानं अंथरूण धरलं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या माणसाचं तसं व्हायला नको. मशीन आलं की चाव्या बरोबर निघतील आणि ह्यांना कधी काही कळणारच नाही, एवढंच तिचं गणित. म्हणून तिनं सिंहस्थाचं निमित्त पुढं केलं होतं. धर्मशाळांची कुलपं येतील, हातानं किती घासाल? सहा महिने म्हातारा ढिम्म हलला नाही. आणि काल अचानक म्हणाला, "चल, बघू."

सुवर्णाताईंनी चौथं मशीन पुढं ओढलं. एका पकडीत जुनी चावी, दुसरीत कोरी. बटण दाबलं की चाक फिरतं आणि जुनीच्या खाचा कोरीवर उतरतात.

"उभं राहूनच चालवायचं काय?" गेणूनं विचारलं.

"नाही काका, हे बसूनही चालतं."

"चाकाला झाकण हाय ना? काय अडकाया नको."

"आहे की. वर दिवा पण आहे, बारीक दिसायला त्रास नाही."

गेणूनं हँडल एका बोटानं दाबून पाहिलं. मग पुन्हा दाबलं.

बोटांचं ह्यांना कळलंय की काय? साळूबाई घाईनं म्हणाली, "अहो, घ्या कोणतंबी. तुमच्या हाताला काय अवघड हाय?"

"कोणतंबी कसं? रोज हात लागायचा त्याला!" गेणू खेकसला.

ताईंनी त्याच्याकडून घराची चावी मागून घेतली आणि मिनिटभरात तिची जोडीदारीण कापून त्याच्या तळहातावर ठेवली. गेणूनं दोन्ही चाव्या एकमेकींवर धरल्या, उजेडात फिरवल्या, खाचांवरून अंगठा नेला.

"बरोबर हाय," तो हळूच म्हणाला. "मला हे शिकाया धा वर्सं लागली व्हती."

साळूबाईचे डोळे भरून आले. आपण ह्यांचा हातच मोडीत काढायला आणलाय, असं तिला वाटलं. नको ते मशीन, चला घरी, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"हेच द्या, ताई," गेणू म्हणाला.

साळूबाईनं हुश्श केलं. सुटले बाई! आता म्हातारा सुखानं टपरीवर बसेल.

"या काका, कसं चालवायचं ते दाखवते." ताईंनी स्टूल पुढं केलं.

गेणूनं ते स्टूल साळूबाईकडं सरकवलं. "मला नको, हिला शिकवा. वरीसभर माझ्या चुकलेल्या चाव्या पूल वलांडून नीट करून आणतीय, गुडघे राह्यले नाय बिचारीचे."