दोष शून्य

काळ्या पडद्यावर पांढरे आकडे सरकत होते. शिवप्रकाशने सकाळी दहाला कमांड दिली तेव्हापासून बसवंतरावांचा कॉम्प्युटर नुसता घरघरत होता. मानवतच्या बसस्टँडसमोरच्या त्याच्या दुकानात जुना कॉम्प्युटर असा दमवून बघितल्याशिवाय घेतलाच जात नसे.

"बाजारात बैल घेताना तुमी चाकं बांधलेली गाडी ओढायला लावता ना काका, तसंच हाय हे," त्याने समजावलं होतं. "डिस्क काठोकाठ लिहून भरायची, मग वाचून बघायची. पन आतलं जुनं सगळं पुसलं जातं. काही ठेवायचं हाय का?"

"काही न्हाई," बसवंतराव म्हणाले होते. "पुसा."

कॉम्प्युटरच्या आत त्यांच्या मुलीचा, रुद्राणीचा आवाज होता. बारावीचे धडे पाठ व्हावेत म्हणून ती ते वाचून रेकॉर्ड करायची. मध्येच "आई, चहा" अशी हाक असायची. श्रावणात पोर तापाने गेली. तेव्हापासून तिची आई नागुबाई रोज कॉम्प्युटर लावून बसे, आणि ती हाक आली की खरोखर उठून चहा टाके. बसवंतरावांना ते बघवेना. दृष्टीआड सृष्टी म्हणून आज त्यांनी तो रिक्षात घातला आणि बायकोला न सांगता पोखर्णीहून निघाले.

दुपारी नागुबाई दारात उभी राहिली. कॉम्प्युटर विकायला नेल्याचं रिक्षावाल्याने तिला सांगितलं होतं. आता बोलणी खावी लागणार म्हणून बसवंतराव उठलेच. पण ती भांडली नाही. पदराची गाठ सोडून तिने नवाकोरा पेनड्राइव्ह काढला.

"इका. मी कुठं न्हाई म्हनलं? तिचा आवाज तेवढा ह्यात भरून द्या. टीव्हीला लावता येतो म्हनं."

शिवप्रकाशने बसवंतरावांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते.

"काकू, ते..."

"भरून द्या तिला," बसवंतराव घाईने म्हणाले.

शिवप्रकाशने पेनड्राइव्ह खोचला. त्याचा बारका दिवा लागला. नागुबाई स्टूल ओढून पडद्यासमोर बसली.

"त्र्याऐंशी म्हंजी?"

"टक्के," तो म्हणाला. तेवढं तरी खरं होतं.

ती एकेक आकडा ओठातल्या ओठात वाचत राहिली. नव्व्याण्णव झाले तेव्हा तिने पदर सारखा केला, एसटीतून कुणी उतरणार असल्यासारखा.

शंभर झाले. खाली इंग्रजीत एक ओळ उमटली. चाचणी पूर्ण, दोष शून्य. शिवप्रकाशला ती वाचवेना.

"भरलं का?" नागुबाईचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला होता. "लावा की मग. 'आई, चहा' तेवढं ऐकू द्या, लगेच जाते."