मूळपुरुषाचं पान

मिस वेदरॉलनं पिशवीतून चाकू काढला, तसा अमोस पेग बाकावरून उठलाच.

"पेन्सिलीला टोक करायचंय," ती म्हणाली.

"करा की. वहीपासून लांब बसून करा."

सफोकमधल्या त्या खेड्यात चर्चच्या नोंदवह्यांच्या पेटीला तीन कुलपं आणि किल्ल्या तिघांकडे. तिघं हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही, असा रिवाज. पण आज पाद्रीबाबा आजाऱ्याच्या उशाशी आणि दोघे कारभारी कापणीवर. म्हणून किल्ल्या म्हाताऱ्या अमोसच्या कमरेला आल्या होत्या, तंबीसकट. गेल्या साली याच वहीतलं बाप्तिस्म्याचं एक पान गेलं होतं. आता दुसरं गेलं, तर रविवारी स्तोत्र उचलायला दुसरा माणूस. चाळीस वर्षं पहिला सूर अमोसच लावत होता.

"पान नेणारा तो पाहुणाही तुमच्या अमेरिकेचाच," तो म्हणाला. "स्वतःचा पूर्वज सापडेना, म्हणून दुसऱ्याचा घेऊन गेला."

ती हसली नाही. तिचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. तिनं वही पुढं चाळली, लग्नांच्या नोंदी पाहिल्या, पुन्हा मागं आली. चेहरा पांढरा पडला.

"काय झालं, बाई?"

"जोसाया वेदरॉल. आमचा मूळपुरुष, इथून अमेरिकेला गेलेला. बाप्तिस्मा, फेब्रुवारी सोळाशे अकरा. आणि त्याच्या आईबापांचं लग्न..." तिचा आवाज खाली गेला. "ऑगस्ट सोळाशे अकरा."

"बरं मग?"

"आमच्या गावच्या चौकात पुतळा उभारताहेत त्याचा! लग्नानंतर सातव्याच महिन्यात पाळणा हलला, म्हणून त्यानं एका पोरीला भर चौकात फटके मारायला लावले होते. आमच्याकडे अजून कौतुकानं सांगतात ते."

चाकू उघडाच पडला होता. अमोसनं आपला रुंद पंजा पानावर ठेवला.

"अहो बाई, तेव्हा इथं नवं साल मार्चच्या पंचवीस तारखेला लागायचं. फेब्रुवारी यायचा सालाच्या शेवटी. म्हणजे लग्न आधी, पोर नंतर. आता ठेवा तो चाकू."

"मी काही पान कापणार नव्हते!"

"तोही हेच म्हणाला होता."

तिच्या तोंडावर मात्र रंग परत आला. मग, कोण जाणे का, ती लग्नानंतरचे महिने बोटांवर मोजू लागली. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. एका हाताची बोटं संपली. फेब्रुवारीला दुसऱ्या हाताचं एकच लागलं.

अमोसनंही ते बोट पाहिलं. पानावरचा पंजा त्यानं आणखी घट्ट दाबला.

तिनं चाकू उचलला. तिनं पेन्सिल काढली, वही सोडून खिडकीपाशी गेली, आणि टोक अणकुचीदार होईपर्यंत तासत राहिली. ढलप्या रुमालात गोळा केल्या. मग येऊन कोरा कागद पुढं ओढला.

"दोन्ही ओळी वाचा, मिस्टर पेग. तारखांसकट. मी उतरवून घेते."

"पुतळ्याच्या लोकांना पाठवणार?"

"वाचा. त्याच्या आईचं नाव आधी."

अमोसनं पंजा उचलला, लग्नाची ओळ शोधली, आणि रविवारी पहिला सूर लावावा तसं, लांबवून, म्हणाला, "ॲग्नेस."