खड्ड्याची पाहणी

ग्रामविकासमंत्री फिंटन गेराटींनी डब्लिनच्या संसदेत छाती ठोकून सांगितलं, "माझ्या मतदारसंघातल्या डिंपनाबाईंच्या दारासमोरचा खड्डा अखेर बुजला! अकरा वर्षांत मी स्वतः चौतीस वेळा जाऊन पाहणी केली."

घरी एकट्याच टीव्हीसमोर बसलेल्या डिंपनाबाईंचा चेहरा पडला. दर पाहणीला फिंटन दोन कप चहा प्यायचा, अर्धा सोडा ब्रेड फस्त करायचा आणि पंचक्रोशीत कोण गेलं, कोणाचं जमलं, ते सगळं सांगून जायचा.

"आता कशाला फिरकतोय मेला!" त्या पुटपुटल्या.

रविवारी चर्चमधून परतताना शेजारच्या पॉड्रिगने गाडी थांबवली. "अहो डिंपनाबाई, या वयात भर रस्त्यात कुदळ काय चालवताय?"



"मंत्र्यांना चहाला बोलावतेय रे."