हौदात बिघाड

"ताई, पिल्लू झालं हो!" पाणघोडीचे राखणदार आबा फोनवर कुजबुजत होते, पण ते कुजबुजणंही ओरडल्यासारखंच होतं. "आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. पाण्यातच! आणि तुमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये लगेच नोंद पण टाकली."

प्राणिसंग्रहालयाचं तक्रारींचं सॉफ्टवेअर सांभाळणारी ताई खुर्चीतून उडालीच. अकरा वर्षं सगळे या बातमीकडे डोळे लावून बसले होते. तिने नोंद उघडली आणि तिला ठसका लागला.

जागा: हौद. बिघाड कशात: पाणघोडी. बिघाडाचं स्वरूप: पिल्लू झालं. नग: एक. तातडी: फार. खाली भांडारातून आपोआप आलेलं उत्तरही होतं. 'जुना नग जमा केल्याशिवाय नवा नग मिळणार नाही.'

"अहो आबा, हा सर्वसाधारण फॉर्म! गळक्या नळाचा! जन्माचा का नाही भरलात?"

"मी जन्मच निवडलं होतं. उघडला हा. म्हटलं, ऑफिसचं काम, असेल असंच."

एरवी ती पोट धरून हसली असती. पण सर्वसाधारण फॉर्ममध्ये हौद आणि तातडी एकत्र आले, की नोंद थेट दुरुस्ती पथकाकडे जायची, आणि पथकाचा मुकादम त्यापुढचं वाचायच्या भानगडीत कधीच पडत नसे. हौद ना? मग आधी पंप लावून पाणी उपसा, काय झालंय ते नंतर बघू. घटकाभराचं पिल्लू, बिथरलेली आई आणि वर तो धडधडणारा पंप.

तिने मुकादमाला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पंपाच्या गाडीच्या त्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येणार! मुकादम मानायचा फक्त मनगटावरच्या ऑफिसच्या घड्याळाला. ते थरथरलं की माणूस जेवणावरून उठायचा. आणि सगळ्यांच्या घड्याळांवर 'थांबा, आत कुणी जाऊ नका' असा हुकूम पाठवायची सोय एकाच फॉर्ममध्ये होती, जन्माच्या. तोही ज्याच्या ताब्यात प्राणी, त्यानेच भरायचा. हा नियमही ताईचाच.

"आबा, त्यांना दारात अडवा. मी फॉर्मचं बघते."

"अडवतो. पण ते सहा जण, मी एकटा. आणि मला ओरडता यायचं नाही, ती माझ्याकडेच बघतेय."

फॉर्म हरवला नव्हताच. काल दुपारी ताईला आवरायची हुक्की आली होती. इतकी वर्षं एकाच फोल्डरमध्ये दाटीवाटीने पडलेले, सर्वसाधारण सोडून बाकी सगळे फॉर्म तिने छान लावून ठेवले. नळांचे नळांत, दिव्यांचे दिव्यांत, आणि जन्माचा 'प्राणी'च्या आत 'आनंदवार्ता' नावाच्या कप्प्यात. वर स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. आता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सॉफ्टवेअर बिचारं त्या मुख्य फोल्डरच्या उंबऱ्यावरून एकदा नाव पुकारायचं. त्या नावाचा फॉर्म समोर दिसला तर ठीक. नाही दिसला तर आतल्या खोल्या धुंडाळायच्या नाहीत, कुणाला काही सांगायचं नाही, निमूटपणे सर्वसाधारण फॉर्म पुढे करायचा. म्हणजे कालपासून जिराफाच्या खोकल्यालाही 'दुरुस्ती की बदली?' असंच विचारलं जात असणार.

"अतिशहाणपणा नडला गं बाई," असं स्वतःलाच म्हणत तिने एकूण एक कप्पा बाहेर उपडा केला. पुन्हा सगळा जुना पसारा. "आबा, आता उघडा!"

"गाडी वळली, ताई. पंप दिसतोय मला."

"हातातल्या टॅबकडे बघा, पंपाकडे नको!"

"उघडला, उघडला! वर 'अभिनंदन' लिहिलंय."

"वाचत काय बसलाय, भरा!"

"आई, पाणघोडी. बाळ... नर की मादी? आता हे मी कसं सांगू? नुसत्या दोन नाकपुड्या दिसतायत!"

"'अजून माहीत नाही'वर बोट ठेवा आणि पाठवा!"

पलीकडून फक्त आबांचा श्वास आणि त्यामागे जवळ जवळ येणारी चाकं. ताईने टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. मग चाकांचा आवाज एकदम थांबला.

"थांबले," आबा म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. "सहाही घड्याळं एकदम थरथरली बघा. ताई, मुकादमानं बूट काढून हातात घेतलेत. चवड्यांवर उभा राहून खिडकीतून बघतोय."

ताईचा जीव भांड्यात पडला. ती हसली, डोळे पुसले आणि पुन्हा हसली.

आता नियम म्हणजे नियम. पथक ज्या नोंदीवर बाहेर पडलं, तिचा अहवाल मुकादमाने द्यायलाच हवा. अहवाल पाऊण तासाने आला.

केलेलं काम: काही नाही. कामगार: सहा. लागलेला वेळ: पाऊण तास. शेरा: 'बिघाड सापडला नाही. रोज सकाळी सहाही जणांना येऊन बघावं लागेल.'