आतून आलेलं उत्तर

आसगावचे गोमाजी रोज सकाळी ओसरीवर सामान्य ज्ञानाचं पुस्तक उघडून मुलाची, इश्वरची, कारकुनाच्या परीक्षेसाठी उजळणी घेत. “भारताचा पहिला उपग्रह कोणता?” इश्वर डोकं खाजवू लागला. “आर्यभट, पंच्याहत्तर साली,” स्वयंपाकघरातून इश्वरची बायको पुष्पा म्हणाली. पुढच्या चारही प्रश्नांची उत्तरं आतूनच आली. “तुले कसं माहीत, बाई?” “मामाजी, मी मॅट्रिक पास आहो. अन् तुमचं सारं आयकू येते.” गोमाजींनी त्याच दिवशी सुनेचाही अर्ज भरला. निकाल लागला तेव्हा यादीत पुष्पाचं नाव होतं, इश्वरचं नव्हतं. गोमाजींना मुलाकडे पाहवेना. इश्वर दोन दिवस पहाटेच शेतावर निघून गेला. पुष्पाच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यानंच बैलबंडी जुंपली, आत पसरलेल्या भाताच्या तणसावर नवी चादर अंथरली आणि वाटेत भेटेल त्याला म्हणत गेला, “बाजूले व्हा ना भाऊ, आमच्या बाबूसायेब हापिसात जाऊन राहिल्या!”