निळी बशी

शेवटचा गोळा चॉकलेटमधून काट्याने अलगद उचलला, बटरपेपरवर ठेवला आणि मी चक्क टाळी वाजवली. आत स्ट्रॉबेरी भरलेले ब्राउनीचे गोळे, वर चॉकलेटचं चकचकीत कवच, आणि आज पहिल्यांदाच एकाचंही कवच फुटलं नव्हतं! वाढदिवसाची ऑर्डर तयार होती. स्वतःवरच खूश होऊन मी फोटोसुद्धा काढले.

जुई शाळेतून आली. दप्तर टाकून नेहमीसारखी थेट ओट्यावरच्या निळ्या बशीकडे गेली. फुटलेले गोळे गिऱ्हाइकाला देता येत नाहीत, म्हणून ते मी तिच्यासाठी त्या बशीत ठेवते.

बशी रिकामी होती.

"आज एकही नाही फुटला?" तिने विचारलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने म्हणाली, "भारी गं आई! जमलं की तुला!"

मला एकदम कसंतरीच झालं. ऑर्डरसाठी दुसरा करता येईल. ट्रेमधला सगळ्यात देखणा गोळा उचलून मी तिच्या हातावर ठेवला. "घे. हा तुझा."

तिने तो फिरवून फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिला.

"पण आई, हा फुटलाय कुठे?"